नर्सिंग शिकणाऱ्या मुलीनं घरी किती नर्स व्हावं?

प्रश्न थोडक्यात असा: ‘बी.एस्सी. नर्सिंगचं आठवं सत्र, म्हणजे इंटर्नशिप सुरू आहे. सहा महिन्यांपूर्वी वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू कमजोर, शब्द अडखळतात; आधार दिला की बसतात, काठी आणि माणूस धरून चार पावलं टाकतात. घरी आई आणि अकरावीतला भाऊ. हॉस्पिटल एसटीनं तासाभरावर. “तू तर नर्सच आहेस” म्हणून बाबांचं सगळं माझ्याकडे येतं, रोज पाचेक तास जातात. रात्री दर दोन तासांनी गजर लावून त्यांची कूस बदलते. शिवाय नॉरसेटचा, म्हणजे एम्सच्या नर्स भरती परीक्षेचा अभ्यास. चिडचिड वाढलीय, वॉर्डात इंजेक्शन भरताना मात्रा पुन्हा पुन्हा बघावी लागते. सगळे म्हणतात ध्यान कर. वेळ कुठून आणू? कोर्स सोडावा का?’

आधी बेरीज करू. इंटर्नशिप आठवड्याला ४८ तास, अशी २२ आठवडे. प्रवास रोज दोन तास, सहा दिवसांचे १२. बाबांचे रोजचे पाच धरले तर ३५. अभ्यासाचे दोन धर, १४. झाले १०९. आठवड्यात तास १६८. उरले ५९, म्हणजे दिवसाला साडेआठसुद्धा नाहीत. त्यातच झोप, अंघोळ, जेवण, युनिफॉर्म धुणं, एसटीची वाट बघणं. यात वीस मिनिटांचं ध्यान बसवलंस तर ती वीस मिनिटं झोपेतूनच जाणार. ध्यानाला माझा विरोध नाही, त्याची जागा पुढे सांगते. पण तुझा ताण मुळात कामाच्या वाटणीतून आलाय आणि तो तिथेच कमी होईल. ४८ ला हात लावता येत नाही. ३५ ला येतो.

मी आधी मेडिसिन वॉर्डात होते, मग शिकवायला आले. घरी आजारी माणूस असलेली एखादी मुलगी दर बॅचला असतेच, आणि तिला वाटतं की आपणच कच्च्या निघालो, बाकीच्या निभावतात. म्हणून दोन अभ्यास सांगते. दोन्ही अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले. १९९५ मध्ये तिथे स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली, आणि तशीच जखम त्याच वयाच्या, पण ही जबाबदारी नसलेल्या बायकांच्या हातावर. काळजीवाहू बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९८ मध्ये तसाच प्रयोग दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांवर झाला. एकाच विद्यार्थ्याच्या टाळूवर एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर जखम केली. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सुमारे ४० टक्के जास्त वेळ गेला. लोक छोट्या संख्येतले आहेत, पण मुद्दा स्पष्ट आहे: सततचा ताण कातडीपर्यंत पोचतो, त्यात मनाच्या कणखरपणाचा प्रश्न येत नाही. तू तर या दोन्ही गटांत एकाच वेळी आहेस.

आता मुख्य गोष्ट. वॉर्डात कितीही वाईट ड्यूटी असली तरी तिला शेवट असतो. पुढची सिस्टर येते, आपण बेडवार ओव्हर देतो, म्हणजे एकेका पेशंटची जबाबदारी तिच्याकडे सोपवतो, किल्ल्या देतो आणि निघतो. नंतर बारा नंबरच्या पेशंटचं सलाईन संपलं तर ते तिचं. तुझ्या घरी ओव्हर घेणारं कुणी नाही. तू एसटीत असतेस तेव्हाही बाबांच्या गोळ्या तुझ्याच डोक्यात असतात, आई फोन करून ‘पांढरी गोळी आधी की पिवळी’ विचारते. पाच तासांच्या कामापेक्षा ही चोवीस तासांची ड्यूटी माणसाला जास्त दमवते. त्यामुळे घरी तुझं काम बदलायचं. नर्स म्हणून खाटेपाशी उभं राहायचं कमी करून ट्यूटर म्हणून आई-भावाला शिकवायचं. शिकवणं तुला येतं, कम्युनिटी पोस्टिंगमध्ये हेल्थ टॉक देऊन झालेत.

एक कागद घे आणि बाबांची दिवसभरातली सगळी कामं लिही. समोर एकच प्रश्न: हे कोण करू शकतं?

खरंच नर्सचं शिक्षण लागतं अशी कामं तुझ्या यादीत तीन-चारच निघतील. बीपीच्या नोंदींकडे नजर टाकणं, औषधांचा तक्ता लावून देणं, कातडी तपासणं, काही बिनसतंय का हे ओळखणं. आठवड्याच्या गोळ्या रविवारी डबीत खणवार भरून ठेव. सकाळ, दुपार, रात्र असे खण असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते. पांढरी-पिवळीचे फोन बंद होतील.

बाकीची बहुतेक कामं आई किंवा भाऊ शिकू शकतात, आणि काही तर बाबा स्वतः करू शकतात. इथे जरा थांबते, कारण नर्सिंगच्या मुली इथेच अडकतात. आपला हात चटकन चालतो, त्यामुळे आपण करून मोकळ्या होतो. बाबांचा डावा हात चांगला आहे. त्यांना डाव्या हातानं जेवू दे. चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून जाड केला की पकड बसते. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही. सांडेल, वेळ लागेल, आईला बघवणार नाही. सांडू दे. तोंड पुसणं, दात घासणं, शर्टाची बटणं, निदान वरची दोन, हे त्यांचंच काम. पॅरालिसिसनंतर माणूस जेवढं स्वतः करतो तेवढं त्याचं शरीर पुन्हा शिकतं. फक्त जेवताना पाठ सरळ असावी, घास लहान असावा, आणि प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांग.

भावाला एका रविवारी उभं करून शिकव. खाटेवरून खुर्चीवर घेताना खुर्ची बाबांच्या डाव्या, म्हणजे धड बाजूला लावायची. उजवा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो आणि मग ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. कमरेला पंचा घट्ट बांधून त्याला धरून उठवायचं, स्वतःचे गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून. शर्ट घालताना आधी कमजोर हात, काढताना तो शेवटी. त्याच्याकडून तीनदा करून घे, आणि चौथ्यांदा तू खोलीबाहेर जा. अकरावीतला मुलगा हे सहज करतो. युरिन पॉट धरायला मुलगा कशाला, असा सूर घरात निघेल. सरकारी वॉर्डात हे काम वर्षानुवर्षं मामा लोक, म्हणजे वॉर्डबॉय, करत आलेत, त्यांच्या पुरुषपणाला काही झालेलं मी पाहिलं नाही. उलट वडिलांना अंघोळ घालायला मुलीपेक्षा मुलगा असला की बाबांचाच संकोच कमी होतो.

आता तो दोन तासांचा गजर. पुस्तकात दर दोन तासांनी कूस बदलायची असं लिहिलंय ते ज्याला स्वतःला अजिबात हलता येत नाही अशा पेशंटसाठी. तुझे बाबा बसतात, चालायचा प्रयत्न करतात. असा माणूस झोपेत थोडाफार स्वतः वळतो, किंवा त्याला वळायला शिकवता येतं: डाव्या हातानं उजवा हात धरायचा, गुडघा वाकवायचा, वळायचं, खांदा अंगाखाली दुमडू द्यायचा नाही. फिजिओला किंवा डॉक्टरांना एकदा दाखवून विचार, ‘रात्री उठायची गरज आहे का?’ मला वाटतं, नाही म्हणतील. मग सकाळ-संध्याकाळ माकडहाड, खुबे आणि टाचा बघायच्या. लाली दिसली आणि बोट दाबून उचलल्यावरही ती तशीच राहिली, तर तो धोक्याचा इशारा, तेव्हा वेळापत्रक बदलायचं. तोवर गजर बंद. तुझ्या या एका सवयीनं गेले सहा महिने घरातल्या तिघांची झोप मोडली आहे, बाबांचीसुद्धा.

खाटेच्या दांड्याला दोरीनं एक वही बांध. वेळ, औषध, बीपी, जेवण किती, शौचाला झालं का, आणि ‘राहिलेलं काम’ एवढंच लिहायचं. आईला लिहायचा कंटाळा असेल तर भाऊ लिहील. घरी आलीस की आधी चहा, मग वही. आईची उलटतपासणी नको. आणि ज्या रात्री ओव्हर भावाकडे आहे त्या रात्री बाबांनी हाक मारली तरी तू उठायचं नाही. हे पहिले काही दिवस फार जड जाईल.

नातेवाईक येतात, फळं ठेवतात, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात. सांग. ‘मदत करा’ असं मोघम बोलू नकोस. ‘काका, दर रविवारी दहा ते एक तुम्ही बाबांपाशी बसाल का? मला झोपायचं आहे,’ असं वार आणि वेळ घालून विचार. काही जण गायब होतील. एखादा येईल, तेवढा पुरतो.

झोपेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुझी खरी जोखीम तिथे आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हाता-डोळ्यांचं काम रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं. २४ तासांनी ते १०० मिलिग्रॅमइतकं होतं. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ३० आहे. आता तू बघ: सकाळी सातला उठलीस, दिवसभर बाबांचं केलंस, रात्री ड्यूटीवर गेलीस, तर मध्यरात्रीच १७ तास होतात. सकाळी ओव्हर देताना २४ उलटलेले असतात. अशा वेळी मैत्रिणीची स्कूटी घेऊन घरी निघणं म्हणजे काय ते समजून घे. नाइट संपल्यावर एसटीच धर, किंवा हॉस्टेलवर कुणाच्या खोलीत दोन तास पडून मग निघ.

नाइटच्या दिवशी संध्याकाळी दीड तास झोपायचंच. जमलं नाही तर निदान पडून राहा, पण खोली अंधारी हवी. ड्यूटीत चहा रात्री दोनपर्यंत घ्यायचा, नंतर नाही. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-एक तास शरीरात राहतो आणि मग सकाळी अंथरुणावर डोळे टक्क उघडे. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान आणि लक्ष दोन्ही तळाला असतात. त्या वेळेत इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराईड यांतलं, म्हणजे मात्रा चुकली तर जिवावर बेतणारं काहीही असेल तर दुसऱ्या सिस्टरला स्वतंत्रपणे मोजायला लाव आणि मग आकडे जुळवा. मात्रा पुन्हा तपासतेस याची लाज वाटून घेऊ नकोस, ते बरोबरच आहे. पण चार वेळा तपासूनही आकडा डोक्यात ठरत नसेल तर त्या ड्यूटीला इनचार्जना सांग, ‘मॅडम, आज माझी झोप झालेली नाही, औषधं दुसऱ्या कुणाला द्या, मी बाकीचं बघते.’ बोलणी खावी लागतील. चुकलेल्या डोसपेक्षा बोलणी परवडली.

घरात चिडचिड फक्त तुझी नसणार. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं. तुझे बाबा व्यायामाला नाही म्हणतात, ताट सारतात, उगाच रडतात किंवा आईवर खेकसतात का? घरचे त्याला स्वभाव म्हणतात, कधी हट्ट म्हणतात. तो आजाराचा भाग असू शकतो आणि त्यावर औषध आहे. ज्यांना नीट बोलता येत नाही त्यांच्यात हे ओळखायचं राहून जातं. पुढच्या फॉलोअपला हा प्रश्न तूच काढ. बाबांचं मन सावरलं की घरातला अर्धा ताण उतरलेला मी पाहिलाय. आणि आईला विचार, ती कशी आहे. तिला कुणी विचारत नाही. तिचं बीपी कधी मोजलंस?

वॉर्डात पॅरालिसिसचा पेशंट आला की तुला बाबा दिसणार. कुणा मुलीचे वडील तुझ्या समोर गेले तर घरी येऊन तू बाबांचा श्वास मोजशील. अशा दिवशी बॅचमेटपाशी दहा मिनिटं बोलून मगच बाहेर पड, आणि शक्य असेल तर त्या आठवड्यात तो बेड दुसऱ्या मुलीला द्यायची विनंती कर. ध्यान म्हणतात त्याची जागा इथे आहे: एसटीत बसल्यावर, घर यायच्या आधी. चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर, पाच मिनिटं. श्वास सोडणं लांबलं की नाडी हळू होते, हे तू शरीरशास्त्रात शिकलीच आहेस. वेगळा वेळ काढायला नको, चटई नको.

पैशांचं एक-दोन ओळींत. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. फिजिओसाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. पुन्हा भरती करायची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते दाखल करतानाच रुग्णालयात या योजनेसाठी बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचार. बाबांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर अर्ज कर, एसटीच्या सवलतीपासून पुढे बऱ्याच ठिकाणी लागतं.

अभ्यासाचे १४ तास मी मुद्दाम शेवटी घेतेय. इंटर्नशिप संपेपर्यंत ते सातवर आण. रोज तासभर, तोही सकाळच्या एसटीत जुन्या प्रश्नपत्रिकांचे बहुपर्यायी प्रश्न सोडवण्यात गेला तर उत्तम. नॉरसेट एकदाच होत नाही, पुढचा फेरा येतो. रात्री अकराला वाचलेलं तसंही सकाळी आठवत नाही.

आता जे कुणी बोलत नाही ते. काळजी घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात कधीतरी येतं, ‘हे संपलं तर सुटेन.’ कधी बाबांना धरून हलवावंसं वाटतं. असा विचार येणं हा गुन्हा नाही, तो दमलेल्या माणसाचा विचार असतो. पण हात उचलला जाईल असं वाटलं तर तिथल्या तिथे बाबा सुरक्षित बसलेत ना बघून खोलीबाहेर ये आणि दुसऱ्या कुणाला बोलाव. वेळ असूनही झोप येत नाही, दोन आठवडे कशातच रस नाही, जेवण जात नाही, किंवा ‘मी नसते तर बरं’ असं मनात आलं, तर वाट बघू नकोस. टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. सरकारनं तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलाय. कॉलेजच्या मानसोपचार विभागात ओळखीचे लोक असतात म्हणून मुली तिथे जात नाहीत, त्यांना हा फोन सोयीचा. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते: झोपेसाठी अल्प्राझोलाम मैत्रिणीच्या स्ट्रिपमधून किंवा वॉर्डाच्या कपाटातून घ्यायची नाही. आपल्या हाताशी ती असते म्हणून आपल्या व्यवसायात हा धोका जास्त आहे.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि दोघंही एकत्र जमतात. तुझ्या तालुक्यात असं काही नसेल, पण फिजिओच्या बाकावर शेजारी बसणारी सून किंवा बायको तुझ्याइतकीच दमलेली असते. तिचा नंबर घे. तिला जे कळतं ते तुझ्या वर्गातल्या मुलींना कळणार नाही.

कोर्स सोडायचा का? नाही. शेवटच्या सत्रात तर नाहीच, आणि नाइटच्या आठवड्यात असला निर्णय घ्यायचाच नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे चुकलेले दिवस नंतर भरून काढावेच लागतात, पण भरून काढता येतातही. फार झालं तर पोस्टिंगचे काही दिवस पुढे ढकलले जातील, पदवी थोडी लांबेल. त्यासाठी प्राचार्यांना अर्ज कर: वडिलांचं डिस्चार्ज कार्ड जोड, ‘नाइट सलग न लावता विभागून मिळाव्यात’ आणि ‘गैरहजेरीचे दिवस सत्राअखेर भरून देईन’ या दोन मागण्या स्पष्ट लिही. आधी वर्गाच्या समन्वयक मॅडमना भेट, त्यांची सही असली की अर्ज लवकर सरकतो. अर्ज मराठीत चालतो. दोन प्रती कर, आणि स्वतःच्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस.